अर्ध्या मात्रेची जागा

“...आणि ही कणीक कधीची?”

“तेवीस दिवसांची,” वैजनाथ म्हणाला.

रंभाजीबुवा थोडे पुढं वाकले. पखवाज वैजनाथच्या मांडीवर होता. एस.टी.त बसल्यापासून त्यानं तो खाली ठेवला नव्हता. मांजरा नदीच्या काठावरच्या या मठाच्या ओसरीवर टेकतानाही नाही.

वाजवण्याआधी पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापतात. तिच्यामुळंच डाव्याचा आवाज खाली उतरतो, भरतो. वाजवून झालं की ती लगेच काढून टाकायची. राहिली तर वाळते, कातडं ओढून धरते आणि एक दिवस ती कातड्याची पुडी उभी चिरते. पखवाजाच्या घरात हे कुणी कुणाला शिकवत नाही. जेवल्यावर ताट उचलावं, तितकं ते माहीत असतं.

या पखवाजावरची कणीक वाळून खापर झाली होती. कडेनं भेगा. मधोमध एका डाव्या पंजाचा ठसा.

“पुडी जाईल.”

“जाऊ द्या.”

“काढली का नाहीस?”

वैजनाथनं तोंड फिरवलं.

“अच्युतचा हात आहे ना तो?”

“दादाचा.”

बुवा मागं सरून भिंतीला टेकले...

अच्युत त्यांच्याकडे अकरा वर्षं शिकला. दर सोमवारी यायचा, आधी सायकलवर, पुढं मोटारसायकलवर. चार तालुक्यांत त्याच्या हाताचं नाव झालं होतं. तेवीस दिवसांपूर्वी विहिरीवरची मोटर चालू करताना त्याला शॉक बसला आणि तो जागीच गेला. बुवा तेव्हा जाऊन आले होते. तिथं कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घालून बसलेला धाकटा त्यांना आठवत होता. तोच हा. वीस-एकवीस वर्षांचा, दाढी वाढलेली, डोळे लाल.

“बोल. कशाला आलास?”

“शिकायला. दादाचं जे राहिलं ते सगळं शिकवा. चैत्रातल्या उत्सवाला दादा बसणार होता. तिथं मी बसतो.”

“चैत्राला दोन महिने आहेत.”

“दोन महिने झोपणार न्हाई.”

“अकरा वर्षं दोन महिन्यांत?”

“शाळा जमली न्हाई मला, सातवीतून सोडली. पण हे जमंल. जमवीनच. तुम्ही फक्त हो म्हणा.”

“तुला काय येतं?”

“काहीच न्हाई!” वैजनाथ फाडकन बोलला. जणू बुवांनी त्याच्यावर चोरीचा आळ घेतला होता. “वाजवायचा दादा. मी कणीक मळायचो. मागं वाटी धरून बसायचो. तेवढंच.”

“तेवढंच,” बुवा म्हणाले.

ते विचारत होते की नुसतं म्हणत होते, ते वैजनाथला कळलं नाही.

आतून बुवांची थोरली बहीण सरूआक्का पाण्याचा तांब्या घेऊन आली. तरुणपणीच विधवा होऊन भावाकडे आलेली. मठातलं सगळं तिच्या हातून चालायचं, आणि तिच्या तोंडातूनही.

“काही येत न्हाई म्हणतंय अन् उत्सवाला बसतो म्हणतंय,” ती म्हणाली. “हा माझा भाऊ पन्नास वर्षं बडवतोय, त्याला अजून उत्सवात घाम फुटतो. पाणी पी आधी. अन् ते ढोलकं ठेव खाली. लेकरू मांडीवर घेतल्यावाणी काय बसलायस?”

“ढोलकं न्हाई आक्का, पखवाज हाय.”

“माहितेय मला. चाळीस वर्षं माझं पीठ खातोय तो. माणसाला ज्वारीची भाकर अन् त्याला गहू.”

एरवी कुणीही हसलं असतं. वैजनाथनं तांब्या घेतला, घटाघटा प्यायला आणि पालथ्या हातानं तोंड पुसलं.

“तोंडानं येतं,” तो एकदम म्हणाला. “दादाच्या सगळ्या परणी तोंडानं येतात.”

परण म्हणजे बोलांची लांब गुंफण. पखवाजावर वाजवण्याआधी ती तोंडानं म्हणून पक्की करायची असते. अच्युत गोठ्यात म्हणायचा, बांधावर म्हणायचा, अंघोळीला बसल्यावर म्हणायचा. घरातल्या म्हशीलाही पाठ झाली असेल.

“म्हण,” बुवा म्हणाले. “थोरली म्हण, चौतालातली.”

वैजनाथनं डोळे मिटले. बुवांनी उजव्या हातानं ताल धरला.

आवाज निघाला, आणि आक्का आत जाता जाता उंबऱ्यातच थांबली. तो अच्युतचा आवाज होता. तीच घाईत ‘धुम’ म्हणायची लकब, ‘तिटकत’वर तोच जोर. एकही बोल इकडचा तिकडं नाही. ओसरीवर क्षणभर असं वाटलं की सोमवार आहे.

अर्ध्याच्या थोडं पुढं बुवांचा हात अडखळला.

“पुन्हा म्हण.”

वैजनाथनं पुन्हा म्हटली. त्याच जागी बुवांचा हात पुन्हा अडखळला.

“इथं थांबलास.”

“न्हाई थांबलो.”

“अर्धी मात्रा थांबलास. मग पुढचे बोल दाबून समेवर आलास.”

“तिथं तसंच हाय.”

“परण माझ्या वडिलांनी बांधली आहे. तिथं मोकळी जागा नाही.”

वैजनाथचे कान तापले. “म्हणजे दादा चुकायचा? मेलेल्या माणसाला चुकीचा म्हणताय तुम्ही?”

“वैजू...” आक्का दारातून म्हणाली.

“चुकायचा,” बुवा शांतपणे म्हणाले. “याच जागी. मी त्याला इथून उठवलं, ओरडलो. एकदा महिनाभर दारात घेतला नाही.”

तो महिना वैजनाथला आठवत होता. बुवा परगावी गेलेत, असं दादानं सांगितलं होतं. घरी रोज चौपट रियाज करायचा आणि हसायचा.

“मी विचारायचो, अरे, आहे काय तिथं? तर नुसता हसायचा...” बुवा म्हणाले. “आता तू सांग. तिथं काय आहे?”

“मला काय माहीत?”

“तूही तिथंच थांबतोस.”

वैजनाथनं ओठ हलवत बोल पुन्हा मनात म्हटले. एकदा. दोनदा. त्या जागेपाशी आला की त्याचा उजवा हात मांडीवरून आपोआप उचलला जात होता. त्यानं हाताकडे पाहिलं. जरा वेळ तो हात त्याला दुसऱ्याच कुणाचा वाटला.

“तिथं... मी वाटी पुढं करायचो.”

“कसली वाटी?”

“पाण्याची. ही परण यायची तवर घटकाभर वाजवून झालेलं असायचं. कणीक सुकायची. डावा चढायचा, पातळ व्हायचा. मग मी वाटी उचलायचो, दादा हात जरा वर धरायचा, मी दोन ओली बोटं फिरवायचो. झालं. कुणाला दिसायचं पण न्हाई.”

“तो मागायचा पाणी?”

“न्हाई.”

“मग चढला हे तुला कसं कळायचं?”

“कळतंय की. दाताखाली खडा आल्यावाणी होतं. वारं सुटलं की लवकर चढतो, ढगाळ असलं की उशिरा.”

“अच्युतला कळायचं?”

याचं उत्तर वैजनाथच्या जिभेवर तयार होतं. दादाला सगळं कळायचं. पण ते बाहेर येईना. त्याच्या डोळ्यांपुढं दादाची मान दिसत होती, ती मागं वळायची, वाटीकडे पाहायची, आणि मग हात उचलायचा.

“वाटी दिसल्यावर कळायचं,” तो हळूच म्हणाला.

“इथं माझ्यापुढं तर तू नसायचास.”

“न्हाई.”

“इथंही तो थांबायचा...”

नदीकडून कुणीतरी म्हशींना हाका मारत होतं.

मग बुवांनी खुंटीवरचा आपला पखवाज काढला. “आक्का, मूठभर पीठ दे.”

“घ्या. खा म्हणावं पोटभर,” आक्कानं परातीत पीठ आणून ठेवलं, शेजारी पाण्याची वाटी.

बुवांनी परात वैजनाथकडे सरकवली.

वैजनाथनं ती पाहिली आणि हात मागं घेतले. “परत तेच करायला मी आलो न्हाई, बुवा. पीठ मळून आयुष्य गेलं माझं.”

“बरं.”

बुवांनी स्वतःच कणीक मळली. वाईट मळली. पाणी जास्त झालं, गुठळ्या राहिल्या. वैजनाथनं खालचा ओठ दातात धरला.

“सैल झाली ती.”

“असू दे.”

त्यांनी ती थापली आणि वाजवायला बसले. सत्तरीचे हात, पण उघडले की ओसरी भरून जायची. वैजनाथ ऐकत राहिला. नदीवरचं कोरडं वारं ओसरीवर येत होतं. बुवा एकामागून एक बोल उलगडत होते, आणि हळूहळू डावा चढू लागला.

आधी जरासा. मग स्पष्ट.

वाटी वैजनाथच्या गुडघ्यापासून वीतभर लांब होती. त्यानं मुठी आवळल्या. उचलणार नाही, असं त्यानं ठरवलंच होतं. त्यांना ऐकू येतंय की. गुरू आहेत. थांबतील, लावतील.

बुवा थांबले नाहीत. डावा आता डब्यासारखा वाजत होता. वैजनाथनं आक्काकडे पाहिलं, ती बुवांच्या हातांकडे पाहत होती. तिला काही खुपत नव्हतं. त्यानं दात दाबले. मान खाली घातली. कानात बोटं घालावीशी वाटली...

“चढलाय, बुवा!” तो ओरडला. “चढलाय कवाच! ऐकू येत न्हाई का तुम्हाला?”

बुवांचे हात थांबले.

“किती वेळ झाला?”

“लई वेळ झाला.”

“मग इतका वेळ गप्प का बसलास?”

“दर वेळी मीच का?”

शब्द तोंडातून गेले आणि वैजनाथचा चेहरा पांढरा पडला. मग त्याचे खांदे हलू लागले.

आक्का पुढं झाली. बुवांनी हातानंच तिला थांब म्हटलं.

“असंच म्हणलो होतो त्याला,” वैजनाथ म्हणाला. “अगदी असंच.”

बुवांनी पखवाज बाजूला सरकवला.

“सप्त्याहून आलो होतो. दादाच्या गळ्यात हार. मला म्हणला, वैजू, कणीक काढून ठेव, मी मोटर चालू करून येतो. मी तडकलो. म्हणलं, दर वेळी मीच का? मी काय तुझा गडी हाय? वाजवायचं तू, हार तुला, अन् खरवडायचं मी? भांडी घासायला ठेवलंय का मला?”

“काय म्हणाला तो?”

“हसला. म्हणला, बरं बाबा, आल्यावर मीच काढतो. तू हात नको लावू...” वैजनाथनं बाहीनं नाक पुसलं. “हात नको लावू म्हणला. म्हणून न्हाई लावला.”

आक्कानं पदर तोंडाला लावला.

तुझी चूक नव्हती, असं गेले तेवीस दिवस वैजनाथला सगळं गाव सांगत होतं. बुवांनी तेवढंही सांगितलं नाही. ते त्याच्या शेजारी नुसते बसून राहिले, आणि वैजनाथला रडायला कुणी थांबवलं नाही.

रडून झाल्यावर तो म्हणाला, “मी गेलो असतो तर बरं झालं असतं. त्याला येत होतं. मला काय येतं?”

“त्याला हात होता,” बुवा म्हणाले. “कान नव्हता.”

वैजनाथनं झटक्यात वर पाहिलं. राग पुन्हा डोळ्यांत आला होता.

“चिडायचं तर चीड. अकरा वर्षं मी त्याच्या कानाची वाट पाहिली. इथं वाजवायचा तेव्हा डावा चढून जायचा, त्याला पत्ता नसायचा. उत्सवात ऐकावं तर डावा जागच्या जागी. घरी येऊन मी आक्काला म्हणायचो, ह्या पोराला इथं काय होतं?”

“शंभरदा म्हणालाय,” आक्का म्हणाली.

“त्याच्या मागं वाटी घेऊन कोण बसलंय, हे मी एकदाही पाहिलं नाही,” बुवा म्हणाले. “पाहायला हवं होतं.”

आजवर कुणीही मोठ्या माणसानं वैजनाथपुढं असं काही कबूल केलं नव्हतं. मास्तरांनी नाही, बापानं नाही. अभ्यासात ढ, रागानं आंधळा, भावाच्या मागं मागं फिरणारा. आपल्याबद्दल त्याला एवढंच ठाऊक होतं, आणि ते त्यानं कधी तपासून पाहिलं नव्हतं.

ऊन ओसरीच्या कडेवरून खाली उतरलं...

त्यानं मांडीवरचा पखवाज उचलून समोर आडवा ठेवला. पहिल्यांदाच. मग वाटी जवळ ओढली आणि दोन बोटं बुडवून वाळल्या कणकेवर पाणी सोडलं. थेंब थेंब. कडेच्या भेगांत, मग आत.

“खरवड ना,” आक्का म्हणाली. “घे, उलथणं देते.”

“नको आक्का. वाळलेली ओढली तर कातडं घेऊन येती. भिजू द्या.”

“किती वेळ?”

“भिजंल तवर.”

बुवांनी आक्काकडे पाहिलं. आक्कानं बुवांकडे. मघाशी दोन महिन्यांत अकरा वर्षं मागणारा तो पोरगा आता हातावर हात ठेवून बसला होता. मधूनच दोन थेंब सोडायचा. पुन्हा बसायचा.

आधी पंजाच्या कडा गेल्या. मग बोटं एकमेकांत मिसळली. शेवटी तळव्याचा खळगा राहिला, त्यात पाणी साचलं, आणि तोही गेला. वैजनाथनं डोळे हलवले नाहीत.

अंगठ्यानं हलक्या हातानं त्यानं भिजलेली कणीक कडेपासून सोडवली. ती लगदा होऊन हातात आली. त्यानं पुडीवर कान लावला, नखानं टिचकी मारली, पुन्हा कान लावला.

“चीर न्हाई,” तो म्हणाला.

“काय करू त्याचं?” आक्कानं हात पुढं केला.

त्यानं लगदा मुठीत धरला. जरा वेळ तसाच. मग आक्काच्या हातावर ठेवला. ती तो घेऊन नदीकडे गेली.

फडक्यानं पुडी पुसून त्यानं ती वाऱ्याला सुकू दिली. मग बुवांनी उरवलेल्या पिठात हात घातला. पाणी कमी, नीट मुरवून, अंगठ्याखाली दाबून पाहत त्यानं कणीक मळली. पोळी थापली. डाव्यावर एक ‘गे’ वाजवला, चिमूटभर काढली. पुन्हा वाजवला, चिमटीतली अर्धी परत लावली.

बुवांनी डोळे मिटून मान हलवली.

आता वैजनाथ पखवाजापुढं मांडी घालून बसला. जन्मात पहिल्यांदा मागं नाही, पुढं. हात उचलले... आणि तसेच थांबले.

“काय झालं?”

“बुवा,” तो म्हणाला, “वाजवताना माणसाला आपलाच डावा ऐकू येत न्हाई. दादाला येत नव्हता, तुम्हाला आला न्हाई. मला तरी कसा येईल? मी वाजवायला बसलो तर वाटी कोण धरणार?”

बुवांनी गुडघ्यावर हात टेकला. सावकाश उठले. वैजनाथच्या डाव्या बाजूला, जरासे मागं, येऊन बसले. वाटी उचलून त्यांनी दोन्ही हातांत धरली.

वैजनाथ घाईनं उठू लागला. “बुवा, तुम्ही नका... तुम्ही कशाला...”

“बस,” बुवा म्हणाले. “माझा कान आता पहिल्यासारखा राहिला नाही. मला उशीर झाला, तर चिडू नकोस.”